पंजाबी हॉटेलात जेवायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती महाराष्ट्रातल्या साध्या 'पंजाबी' हॉटेलांबद्दल आहे: खाली हॉल, वर एसी फॅमिली रूम, मेन्यूकार्डात शेवटची चार पानं चायनीजची. असं हॉटेल ठाण्यात आहे, नगर रोडवर आहे आणि अकोल्यातही आहे. मालक बहुतेक वेळा पंजाबी नसतो. अशी पुष्कळ हॉटेलं उडुपीकडच्या शेट्टी मंडळींची आहेत. तरी स्वयंपाकघराची रचना सगळीकडे जवळपास एकच असते, म्हणून ही उत्तरं सगळीकडे लागू पडतात.

मेन्यूकार्डावर दीडशे भाज्या असतात. एवढ्या सगळ्या खरंच करतात का?

करतात, पण आत दीडशे पातेली नसतात. सकाळी तीन-चार ग्रेव्ह्या तयार होतात. ऑर्डर आली की आचारी त्यातली एखादी (कधी दोन मिसळून) पॅनमध्ये घेतो, पनीर, भाजी किंवा चिकन आणि वरचा मसाला घालतो आणि पाच-सात मिनिटांत प्लेट बाहेर काढतो.

लाल किंवा मखनी ग्रेव्ही टोमॅटो, काजू, बटर आणि काश्मिरी मिरचीची. शेवटी क्रीम आणि कसुरी मेथी. पनीर बटर मसाला, पनीर मखनी, बटर चिकन हे सगळं हिच्यातलं. चव आंबट-गोड, पोत गुळगुळीत.

पांढरी ग्रेव्ही उकडलेला कांदा, काजू आणि मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) यांची. काही ठिकाणी खवाही असतो. मलाई कोफ्ता, मेथी मटर मलई, काजू करी. मेन्यूत 'शाही' किंवा 'मलाई' दिसलं की बहुधा हीच. चव सौम्य, गोडसर, आणि पोटाला सगळ्यात जड.

तपकिरी ग्रेव्ही म्हणजे बारीक चिरलेला कांदा-टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतलेला. आचारी तिला चॉप मसाला म्हणतात. कढाई, भुर्जी, दो प्याजा, भेंडी मसाला, दाल फ्राय, आणि लाल मिरच्या वाढवून केलेली 'व्हेज कोल्हापुरी'. बऱ्याच ठिकाणी यात हळदीची पिवळी ग्रेव्ही मिसळून मिक्स व्हेज आणि हंडी काढतात.

चौथी पालकाची. पालक पनीर उघडच, पण 'हरियाली' आणि 'हैदराबादी' नावाच्या भाज्यांतही पुष्कळदा तीच असते.

तेव्हा पनीर बटर मसाला आणि पनीर मखनी एकदम मागवलंत, तर टेबलावर एकच भाजी दोनदा येते. दोन भाज्या घ्यायच्या असतील तर एक लाल किंवा पांढरी आणि दुसरी चॉप मसाल्यातली घ्या. हॉटेलचं स्वतःचं नाव लावलेल्या 'स्पेशल' भाजीबद्दल कॅप्टनला (ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरला) सरळ विचारा, 'ही कुठल्या ग्रेव्हीत येते?' उत्तर लगेच मिळतं. अंगारा, लबाबदार, तुफानी या नावांमागे बहुतेक वेळा लाल आणि तपकिरीचं मिश्रण असतं, अंगाऱ्यात वर कोळशाचा धूर.

चार जणांना किती मागवावं?

मोठी चार माणसं, बऱ्यापैकी भूक: एक स्टार्टर, दोन भाज्या, एक डाळ, आठ ते दहा रोट्या, एक जीरा राईस. भाजीची फुल प्लेट ढोबळमानाने २५० ते ३०० ग्रॅमची असते आणि रोटीबरोबर दोघांना पुरते. नान घेणार असाल तर संख्या सहा-सातवर आणा. एक बटर नान घरच्या दोन फुलक्यांइतकं पोट भरतं. दोघांना एक भाजी, हाफ डाळ, चार-पाच रोट्या आणि हाफ राईस पुष्कळ होतो.

हाफ प्लेट निम्म्या किमतीत मिळत नाही, साधारण साठ ते सत्तर टक्के पैसे पडतात. म्हणून तीच भाजी दोन टेबलांवर वाटण्यासाठी दोन हाफ घेणं तोट्याचं. वेगळी चव हवी असेल तरच हाफ घ्या.

अन्न उरतं ते बहुतेक वेळा भातामुळे. सगळं एकदम सांगितलं की भात रोट्यांबरोबरच येतो, गार होतो आणि शेवटी कुणालाच नको असतो. पहिल्या फेरीच्या रोट्या संपत आल्या की भात सांगा. शिजलेला भात तयार असतो, जिऱ्याची फोडणी देऊन पाच-सात मिनिटांत येतो. लस्सीचंही तसंच. मोठा ग्लास जेवणाआधी प्यायलात तर दोन रोट्यांची जागा गेली. जड ग्रेव्हीबरोबर ताक बरं.

रोट्या एकदम मागवल्या तर काय बिघडतं?

तंदुरी रोटीत तेल-तूप नसतं आणि ती तीनशे अंशांच्या वर तापलेल्या भिंतीवर मिनिट-दीड मिनिटात भाजली जाते. बाहेर आल्यावर तिच्यातली उरलेली वाफ भराभर निघून जाते. पाच-सात मिनिटांत ती चामट होते, दहा मिनिटांत तोडायला दोन हात लागतात. यात आचाऱ्याचा दोष नसतो. माणशी एक याप्रमाणे फेरीफेरीने मागवा आणि शेवटचा तुकडा हातात असताना पुढची फेरी सांगा, कारण गर्दीत यायला आठ-दहा मिनिटं लागतात. बटर लावलेली रोटी थोडी जास्त वेळ मऊ राहते.

नान मैद्याचं, पिठात दही आणि बेकिंग पावडर किंवा यीस्ट, म्हणून ते रोटीपेक्षा उशिरा कडक होतं. काही ठिकाणी पिठात अंडं घालतात. अंडं चालत नसेल तर विचारूनच घ्या. लच्छा पराठ्याच्या पदरांत तूप असतं, त्यामुळे तो सगळ्यात जास्त टिकतो, पण भाजायलाही जास्त वेळ घेतो. रुमाली रोटी मात्र उलट्या कढईवरून उतरली की दोन मिनिटांत खायची. ती कबाबाबरोबर छान, पातळ ग्रेव्हीत तिचा लगदा होतो. मिस्सी रोटीत बेसन असतं, ती डाळीबरोबर किंवा छोल्यांबरोबर घ्यावी.

जोडी जमवायची तर मखनी ग्रेव्हीला नान, चॉप मसाल्याच्या भाजीला तंदुरी रोटी. गार्लिक नान आधीच चवीला जोरदार असतं. मेथी मटर मलईसारखी सौम्य भाजी त्याच्यापुढे हरवून जाते.

'गव्हाची रोटी' सांगितली तरी पुष्कळ ठिकाणी कणकेत थोडा मैदा असतो, कारण निव्वळ कणकेची रोटी तंदुरात लवकर कडक होते. मैदा अजिबात नको असेल तर तव्यावरचा फुलका मिळतो का ते विचारा.

दुपारी चार वाजता गेलो तर 'तंदूर बंद आहे' असं सांगतात. खरं असतं का?

खरं असतं. मातीचा तंदूर तापायला तास-दीड तास लागतो, म्हणून दुपारची गर्दी ओसरली की साडेतीनच्या सुमारास तो विझवतात किंवा मंद करतात आणि संध्याकाळी साडेसहा-सातच्या पुढे पुन्हा चालू होतो. त्या मधल्या वेळात तव्यावरची चपाती, पराठा, राईस आणि चायनीज मिळतं. अशा वेळी बटर चिकन किंवा पनीर टिक्का मसाला मागवू नका: टिक्का भाजायची सोय नसली की उकडलेलं चिकन किंवा साधं तळलेलं पनीर ग्रेव्हीत जातं आणि भाजल्याची चव येतच नाही. त्यापेक्षा चिकन हंडी किंवा पनीर भुर्जी, ज्यांना तंदूर लागतच नाही.

सातच्या ठोक्याला पहिल्या रोट्या पांढुरक्या आल्या तर तंदूर अजून पुरता तापलेला नाही असं समजा. साडेसात ते सव्वाआठ ही उत्तम वेळ. रविवारी साडेआठ ते दहा टाळता आलं तर टाळा.

कोळशाचा तंदूर आणि गॅसचा तंदूर, चवीत फरक पडतो का?

रोटीत फारसा नाही. रोटी भाजते ती मुख्यतः तापलेल्या मातीच्या भिंतीने, आणि भिंत कशाने तापली याला तिथे महत्त्व कमी. चिकन-पनीरमध्ये फरक जाणवतो, कारण मॅरिनेशनचं तेल आणि चरबी निखाऱ्यावर टपकून जो धूर उठतो तो टिक्क्याला लागतो. गॅसच्या तंदुरातही थेंब तापलेल्या पृष्ठभागावर पडून थोडा धूर होतो, पण कोळशाइतका नाही.

मुंबईत हा प्रश्न आता मागे पडत चालला आहे. प्रदूषणावरच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये आदेश दिले, त्यानंतर महापालिकेने कोळशाच्या भट्ट्या वापरणाऱ्या हॉटेलांना नोटिसा काढून ८ जुलै २०२५ पर्यंत गॅस किंवा विजेकडे वळायला सांगितलं. तेव्हा मुंबईतल्या पाटीवर 'चारकोल तंदूर' दिसलं तरी आत गॅस असू शकतो.

स्टार्टरमध्ये तंदुरी चिकन सांगितलं तर 'हाफ' म्हणजे किती?

हाफ म्हणजे एक तंगडी आणि एक छातीचा तुकडा. वाढताना बहुतेक ठिकाणी त्याचे चार तुकडे करतात. फुल म्हणजे अख्खी कोंबडी. टिक्क्याच्या प्लेटमध्ये सहा किंवा आठ तुकडे असतात, ही संख्या आधी विचारा. पाच जणांत सहा तुकडे आले की पंचाईत. तंदूरचा स्टार्टर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दोन मिनिटांत आला तर तो आधी भाजून ठेवलेला आहे आणि फक्त गरम केला आहे.

लाल भडक रंग चांगल्या मसाल्याची खूण नव्हे. काश्मिरी मिरचीने येतो तो रंग तांबूस-नारिंगी, कडेला काळपट. सगळीकडे सारखा, चमकदार लाल आणि बोटांना लागून राहणारा रंग म्हणजे खाण्याचा कृत्रिम रंग. कबाबांत असा रंग घालायला परवानगी नाही. कर्नाटक सरकारने जून २०२४ मध्ये तपासणीनंतर त्यावर वेगळा बंदी आदेशही काढला.

हाडाजवळ गुलाबी दिसलं म्हणजे चिकन कच्चं असेलच असं नाही. कोवळ्या पक्ष्यांच्या हाडातला रंग शिजतानाही बाहेर झिरपतो. तुकडा फोडून बघा: रस पारदर्शक आणि मांस तंतूंनी सुटत असेल तर शिजलेलं आहे. रस लालसर आणि मांस चकचकीत, रबरासारखं असेल तर परत पाठवा, ते पुन्हा तंदुरात लावून देतात.

बटर चिकन, चिकन टिक्का मसाला आणि चिकन हंडी यांत नेमका फरक काय?

बटर चिकनमध्ये तंदुरी चिकन मखनी ग्रेव्हीत घोळवलेलं असतं, चव गोडसर. टिक्का मसाल्यात बोनलेस टिक्का कांदा-टोमॅटोच्या जाड मसाल्यात, म्हणून जास्त चमचमीत. हंडीला तंदूरच लागत नाही. चिकन तपकिरी ग्रेव्हीत शिजवलेलं. चिकन मुघलाईत अनेक ठिकाणी अंडंही असतं, हे अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

बटर चिकनचा उगम दिल्लीच्या दर्यागंजमधल्या 'मोती महल'शी जोडतात. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींनी ते १९४७ मध्ये सुरू केलं. पण नेमकं श्रेय कुणाचं यावरून दोन हॉटेल कंपन्या २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. जेवणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नसावं; आपल्या गावच्या हॉटेलात त्यात साखर किती पडते हा खरा मुद्दा.

तिखट कमी आणि गोडही नको, हे सांगायचं कसं?

ऑर्डर देतानाच, आणि प्रत्येक भाजीसाठी वेगळं. 'मिडियम' म्हणजे काय याचं माप प्रत्येक आचाऱ्याचं निराळं. त्यापेक्षा 'वरून मिरची पावडर घालू नका' किंवा 'साखर-मध घालू नका' असं नेमकं सांगा. ग्रेव्ही आधीच तयार असते, तिच्यातलं तिखट काढता येत नाही. वरचं तेवढं टाळता येतं. भाजी टेबलावर आल्यावर 'तिखट झाली' म्हटलंत तर आत नेऊन क्रीम आणि बटर घालतात, मग ती गोडसर आणि तेलकट होते. लहान मुलं असतील तर पांढऱ्या ग्रेव्हीतली भाजी किंवा साधी पिवळी डाळ फोडणीशिवाय मागवा.

'तेल कमी' ही सूचना चॉप मसाल्याला लागू पडत नाही, कारण तेल सुटेपर्यंत तो परतलेलाच असतो. वर आलेला तवंग चमच्याने बाजूला काढणं हाच उपाय. डाळीवरचा तडका मात्र वेगळा आणायला सांगता येतो.

दाल फ्राय, दाल तडका, दाल मखनी?

शिजवलेली तूरडाळ कांदा-टोमॅटोच्या मसाल्यात घालून उकळली की दाल फ्राय. डाळ आधी तयार करून शेवटी वरून तूप, जिरं, लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी ओतली की दाल तडका. छोट्या हॉटेलांत हा फरक नावापुरताच उरतो.

दाल मखनी अगदी वेगळी. अख्खे उडीद आणि थोडा राजमा रात्रभर भिजवून, कित्येक तास मंद आचेवर शिजवायचे. घाई केली की दाणे वेगळे आणि पाणी वेगळं राहतं, मग ती तूट क्रीम आणि टोमॅटो घालून झाकतात. चमच्यात घेतलेली डाळ एकजीव असेल आणि दाणा जिभेने चुरडला जात असेल तर वेळ दिलेला आहे. हॉटेल नवीन असेल तर पहिल्या खेपेला हीच मागवून बघा. बाकीच्या भाज्यांपेक्षा स्वयंपाकघराची शिस्त हिच्यात लवकर कळते.

पनीर खरं आहे हे कसं ओळखायचं?

रबरासारखं लागलं म्हणून लगेच 'नकली' म्हणू नका. चांगलं पनीरही जास्त तळलं किंवा ग्रेव्हीत फार वेळ उकळलं की चिवट होतं. पनीर तळल्यावर कोमट पाण्यात टाकून ठेवण्याची पद्धत त्यासाठीच आहे.

संशय यावा असं पनीर म्हणजे अ‍ॅनालॉग: दुधाच्या पावडरीत पामतेलासारखं वनस्पती तेल घालून केलेलं. ते 'पनीर' या नावाने विकणं नियमाला धरून नाही. ग्रेव्ही पुसून एक तुकडा बोटांत चुरडा. दुधाचं पनीर रवाळ होऊन मोडतं. अ‍ॅनालॉग पुष्कळदा ओढल्यासारखं ताणतं आणि बोटांवर तेलकट, मेणचट थर ठेवतं. पार्सल घरी आणलं असेल तर तुकडा धुऊन, पाण्यात उकळून, गार झाल्यावर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे. रंग आला नाही म्हणजे पनीर अस्सल असं मात्र सिद्ध होत नाही, कारण सगळ्याच अ‍ॅनालॉगमध्ये स्टार्च नसतो. तुकडा मसाल्यात किंवा कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवलेला असेल तर चाचणी फसते.

जैन जेवण मागवताना काय बघावं?

पांढरी आणि तपकिरी या दोन्ही ग्रेव्ह्या कांद्याशिवाय होत नाहीत, लाल ग्रेव्हीतही बहुतेक ठिकाणी लसूण असतो. म्हणून 'कांदा-लसूण घालू नका' एवढं सांगून भागत नाही. जैन ग्रेव्ही वेगळी आहे का, ते विचारा. ती टोमॅटो-काजूची असते आणि थोडीच करतात, त्यामुळे गर्दीच्या रात्री संपलेली असते. संपली असेल तर जैन दाल तडका सुरक्षित, कारण डाळ बहुतेक ठिकाणी हळद-मिठावर शिजवून ठेवतात आणि फोडणी ताजी पडते. कोफ्ते टाळा, त्यांत बटाटा असतो. टिक्क्याच्या मॅरिनेशनमध्ये आलं-लसूण असतंच.

मिश्र हॉटेलात शाकाहारी जेवणाऱ्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात: पनीर आणि चिकनच्या सळया वेगळ्या आहेत का, आणि तळणीचं तेल वेगळं आहे का. तंदूर बहुधा एकच असतो.

काजू, दूध किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर?

काजू हा या जेवणातला लपलेला घटक आहे. लाल आणि पांढऱ्या ग्रेव्हीत तो वाटलेला असतो, दिसत नाही. काजूची गंभीर अ‍ॅलर्जी असणाऱ्याने या दोन ग्रेव्ह्या पूर्ण टाळाव्यात आणि चॉप मसाल्याची भाजीही वेगळ्या धुतलेल्या पॅनमध्ये करायला सांगावी. पॅन आणि पळ्या एकच फिरतात, तेव्हा हॉटेलने खात्री दिली नाही तर तिथे न जेवणंच शहाणपणाचं.

दूध चालत नसेल तर मॅरिनेशनमधलं दही, नानच्या पिठातलं दही आणि भाजीवर शेवटी पडणारं बटर या तिन्हींची चौकशी करा. गहू चालत नसेल तर भात-डाळ हा सरळ मार्ग वाटतो, पण बाजारातल्या कुटलेल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. फोडणीत हिंग नको म्हणून सांगा.

पंजाबात खरंच असं जेवतात का?

घरी नाही. तिथलं रोजचं जेवण राजमा-चावल, कढी-चावल, माह दी दाल (अख्ख्या उडदाची डाळ), हिवाळ्यात मक्याच्या भाकरीबरोबर सरसों दा साग. आपल्याकडचा मेन्यू घडला तो फाळणीनंतरच्या दिल्लीतल्या तंदूर हॉटेलांत, मुघलाई पदार्थांची भर पडून, आणि मग इथे येऊन त्यात व्हेज कोल्हापुरी शिरली. ती अमृतसरच्या ढाब्यावर शोधू नका. तिथे बटाटा भरलेला कुलचा आणि छोले खा.

सरसों दा साग इथे मागवायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. इतर वेळी त्यात मोहरीचा पाला नावाला आणि पालक जास्त.

ऑर्डर दिल्यावर बदलता येते का? किती वेळ थांबावं?

कॅप्टनने केओटी (स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) आत पाठवली की काम सुरू होतं. दोन-तीन मिनिटांत सांगितलं तर बदल होतो. ग्रेव्ही पॅनमध्ये पडल्यावर होत नाही. भाजीला दहा-पंधरा, तंदुरी पदार्थाला पंधरा-वीस मिनिटं धरा. अर्ध्या तासावर गेलं तर बहुधा केओटीच हरवलेली असते. 'किती वेळ?' असं विचारलं तर 'पाच मिनिटं' हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी 'आमची केओटी आत लागली आहे का ते बघून सांगा' म्हणा.

मसाला पापड बसल्याबसल्या मागवला आणि गप्पा सुरू झाल्या की तीन मिनिटांत त्याचं कातडं होतं. कांदा-टोमॅटो वेगळा वाटीत मागवा.

बिर्याणी घेण्याआधी 'दमची आहे की मिक्स?' असं विचारा. दमची म्हणजे थर लावून, झाकण बंद करून वाफेवर शिजवलेली. बऱ्याच ठिकाणी तयार भात ग्रेव्हीत परतून बिर्याणी म्हणून वाढतात. त्या पैशांत पुलाव आणि डाळ जास्त समाधान देते.

बिलात काय तपासावं?

रोट्यांची संख्या, पाण्याच्या बाटल्या आणि पापड. चुका होतात त्या इथेच, कारण या गोष्टी तोंडी आणि पुन्हापुन्हा मागवल्या जातात.

जीएसटी साध्या हॉटेलात ५ टक्के, एसी असो वा नसो. बिलावर तो अडीच-अडीच असा सीजीएसटी आणि एसजीएसटीत विभागलेला दिसतो. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) छोट्या हॉटेलाला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, म्हणून ती ओळ वेगळी येते.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तो बिलात आपोआप लावायला मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती तत्त्वं वैध ठरवली. 'हा काढून बिल पुन्हा द्या' एवढंच म्हणा. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. टीप हा वेगळा विषय: सेवा आवडली तर पाच ते दहा टक्के, रोख, वाढणाऱ्याच्या हातात. यूपीआयने बिलाबरोबर दिलेली टीप मालकाच्या खात्यात जाते.

बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने लावलं तर वाद घालून उपयोग नाही. बसून जेवायच्या जागी तसं करायला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मुभा दिली आहे. बसल्यावर पहिलं वाक्य 'साधं पाणी आणा' हे असू द्या. न मागता टेबलावर ठेवलेली बाटली फोडली नाही तर परत देता येते.

जेवणात केस, किडा किंवा आंबूस वास आला तर?

खाणं थांबवा, प्लेट तशीच ठेवा, फोटो काढा आणि वेटरऐवजी कॅप्टनला बोलवा. अर्धी भाजी संपवून तक्रार केली की बाजू लंगडी पडते. बहुतेक हॉटेलं पदार्थ बदलून देतात किंवा बिलातून काढतात. पांढरी ग्रेव्ही उन्हाळ्यात सगळ्यात आधी आंबते, कारण तिच्यात काजू, कांदा आणि दुधाचा अंश असतो. पहिल्या घासालाच वेगळा आंबटपणा लागला तर पुढे खाऊ नका. बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. तो क्रमांक घेऊन 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपवर तक्रार करता येते.

उरलेलं पार्सल घरी कसं ठेवावं आणि गरम करावं?

टेबलावर आल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. गाडीत ठेवून पुढे सिनेमाला जायचं असेल तर पार्सल घेऊच नका, भात तर नकोच. शिजलेला भात बाहेर राहिला की त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष नंतर गरम करूनही जात नाही.

मखनी आणि पांढरी ग्रेव्ही मोठ्या आचेवर फाटते, तूप वेगळं होतं. दोन चमचे दूध किंवा पाणी घालून मंद आचेवर, ढवळत, वाफा येईपर्यंत गरम करा. पनीर त्यातून आधी काढून शेवटच्या मिनिटाला घातलं तर मऊ राहतं. तंदुरी रोटीला दोन्ही बाजूंनी पाण्याचा हात लावून तापल्या तव्यावर अर्धा-अर्धा मिनिट, आणि लगेच खा. मायक्रोवेव्हमध्ये ती बाहेर काढेपर्यंत मऊ वाटते, ताटात येईपर्यंत कडक. चिकन टिक्का कोरडाच गरम केला तर लाकूड होतो. तुकडे करून अंड्याच्या भुर्जीत टाका किंवा कांदा-सिमला मिरचीबरोबर परतून पोळीत गुंडाळा.